अपघातानंतरची वाट

नागपूरहून प्रयागराजकडे जाणारा महामार्ग शिवनी, जबलपूर, सिहोरा, कटनी, रीवा अशी गावे मागे टाकीत उत्तरेकडे जातो. काशीयात्रा, त्रिवेणीस्नान, अस्थिविसर्जन अशा निमित्तांनी विदर्भातील असंख्य कुटुंबांना ही वाट परिचित आहे. २०२५ च्या महाकुंभात तिच्यावर वाहनांची अखंड रीघ लागली होती. त्याच वेळी जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा परिसराने दोन भीषण अपघात पाहिले. ११ फेब्रुवारीस प्रयागराजहून परतणारी मिनीबस आणि ट्रक यांची धडक होऊन तेलंगणातील ७ यात्रेकरू मृत्युमुखी पडले. २४ फेब्रुवारीस बेळगाव जिल्ह्यातील गोकाककडील प्रवाशांची जीप दुभाजक ओलांडून बसवर आदळली व ६ जणांचा अंत झाला.

अशा प्रसंगी परके गाव, अनोळखी रुग्णालय आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये कुटुंब हवालदिल होते. विम्याचे कागद नेमके याच वेळी पुढे येतात, आणि घाईने केलेली एखादी स्वाक्षरी पुढील कित्येक वर्षांवर परिणाम करून जाते.

घटनास्थळी

प्रथम जखमींना रुग्णालयात पोहोचवावे. मदत करणाऱ्या त्रयस्थास कायद्याने संरक्षण दिलेले आहे. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार, अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात. वाहने हलविण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत, समोरच्या वाहनाचा क्रमांक टिपून घ्यावा, पोलिसांना व विमा कंपनीला तत्काळ कळवावे.

रस्त्यावरच 'मिटवून टाकण्याचा' मोह मात्र आवरावा. कंपनीच्या लेखी संमतीविना विमाधारकाने चूक कबूल करू नये अथवा भरपाईचे वचन देऊ नये, अशी अट मोटार विम्याच्या प्रमाणित करारात असते.

वाहनाचा दावा

सर्वेक्षकाने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नोंदविल्यापासून २४ तासांत सर्वेक्षकाची नियुक्ती, १५ दिवसांत त्याचा अहवाल व त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. कळविण्यास विलंब झाला एवढ्याच कारणाने खरा दावा फेटाळू नये, असे प्राधिकरणाने २०११ मध्येच बजावलेले आहे.

हाती येणारी रक्कम बिलापेक्षा कमी का, हा ग्राहकांचा नेहमीचा प्रश्न असतो. प्लॅस्टिक, रबर व बॅटरी यांवर ५० टक्के, तर धातूच्या भागांवर वाहनाच्या वयानुसार घसारा वजा होतो. घसारामाफीचे जादा संरक्षण घेतले असल्यास ही वजावट टळते. दुरुस्तीचा खर्च विमित घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक असेल तर वाहन पूर्णतः निकामी मानले जाते. वाहन बँकेकडे तारण असल्यास ही रक्कम प्रथम कर्जखात्याकडे वळते; म्हणून अपघाताची सूचना शाखेलाही द्यावी व हप्ते थांबवू नयेत.

जीविताची भरपाई

सर्वाधिक गैरसमज येथेच आढळतात. दाव्यासाठी जबलपूरला खेटे घालावे लागतील या धास्तीने अनेक कुटुंबे पाऊलच उचलीत नाहीत. वास्तविक मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ अन्वये दावेदार जेथे राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. नागपूरच्या कुटुंबाला नागपुरात व बेळगावच्या कुटुंबाला बेळगावात दाद मागता येते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जासाठी ६ महिन्यांची मुदत घातली आहे; ती पाळणेच श्रेयस्कर.

कलम १६४ अन्वये कोणाचाही दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र ही रक्कम स्वीकारल्यास न्यायाधिकरणातील अर्ज संपुष्टात येतो. मिळवत्या व्यक्तीच्या मृत्यूत न्यायाधिकरणाची भरपाई याहून पुष्कळ अधिक असू शकते. म्हणून स्वीकृतीपत्रावर सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. मृताचे उत्पन्न सिद्ध करण्यास वेतनपत्रके, प्राप्तिकर विवरणे व बँक खात्याचे उतारे उपयोगी पडतात. धडक देणारे वाहन पळून गेले व अज्ञात राहिले, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात.

खासगी मोटारीतील सहप्रवाशांचा प्रश्न वेगळा आहे. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर त्यांना त्या विम्याचे संरक्षण नसते. सर्वसमावेशक विम्यात ते असते. आप्तांना गाडीत बसविण्यापूर्वी हे तपासलेले बरे. खासगी गाडीत भाडे घेऊन प्रवासी नेल्यास कराराचा भंग होतो, हेही विसरू नये.

विस्मृतीत गेलेले विमे

मालक स्वतः वाहन चालवीत असल्यास १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये खात्यातून वळते होतात व अपघाती मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. घरच्यांना ठाऊक नसल्याने हा दावा अनेकदा राहून जातो. मृताच्या खात्याचा उतारा काढून तेवढी एक नोंद शोधावी.

दावा नाकारल्यास

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. त्यांची मर्यादा ५० लाखांची आहे. तक्रारदाराच्या निवासस्थानाचे लोकपाल कार्यालय चालते, त्यामुळे महाराष्ट्रातील ग्राहकाला भोपाळ गाठावे लागत नाही. समोरच्या वाहनाच्या विमा कंपनीविरुद्धची भरपाई मात्र न्यायाधिकरणातच मागावी लागते.

यात्रेस निघताना शिदोरीची तयारी आपण आठवणीने करतो. विमापत्राची एक प्रत गाडीत आणि दुसरी घरी राहणाऱ्या माणसाजवळ ठेवावी. कोणते विमे व कोणती खाती आहेत, हे त्याला सांगून निघावे. संकटकाळी कागद कोठे शोधायचे, हे निदान घरात एकाला तरी ठाऊक असावयास हवे.