नाकातला मेलानोमा: ‘तिसरी पायरी’ म्हणजे शेवट नव्हे

घोळणा फुटला की ‘उष्णता झाली’, नाक चोंदलं की ‘हाड वाढलंय’. बहुतेकदा कारण साधंच निघतं, म्हणूनच नाकाच्या किंवा सायनसच्या मेलानोमा या कॅन्सरचं निदान उशिरा होतं.

‘हा तर गोऱ्या लोकांना उन्हाने होणारा त्वचेचा कॅन्सर!’ मेलानोमाबद्दलचा हा समज अर्धाच खरा. मेलानोमा ज्यांतून होतो त्या रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नाकाच्या आतल्या अस्तरातही असतात आणि तिथे ऊन पोचत नाही. हा आजार दुर्मीळ आहे, बहुधा साठीनंतर दिसतो. गाठ काळीच असेल असंही नाही. रंगहीन गाठ साध्या कोंबासारखी दिसते, त्यामुळे नाकातून काढलेला प्रत्येक कोंब प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे.

‘तुकडा काढला की कॅन्सर भडकतो.’ आपल्याकडची ही भीती जुनी, चिवट आणि निराधार. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

सर्वात जास्त घाबरवतो तो रिपोर्टवरचा ‘टी 3’. माणसं त्याला शेवटाच्या अलीकडची स्टेज समजतात. खरं तर या आजारात टी 1, टी 2 नाहीतच. केवळ अस्तरापुरती असलेली छोटी गाठही टी 3 मध्येच मोजतात, कारण हा आजार मुळातच आक्रमक मानला जातो. म्हणजे इथे टी 3 ही गाठीची सर्वात पहिली पायरी. हाडात, चेहऱ्याच्या त्वचेत किंवा मेंदूकडे शिरलेली गाठ टी 4.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. चेहरा उघडावाच लागतो असं नाही. योग्य रुग्णात दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचे निकालही तोडीस तोड आहेत. नंतरच्या किरणोपचारांमुळे गाठ त्याच जागी उलटण्याचं प्रमाण घटतं, आयुष्य मात्र वाढतंच असं सिद्ध झालेलं नाही. कारण जीव बहुधा नाकातली गाठ घेत नाही. फुप्फुसं, यकृत, मेंदूत गेलेला आजार घेतो.

म्हणूनच इम्युनोथेरपीकडे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांकडे, आशेने पाहिलं जातं, पण त्वचेच्या मेलानोमाचे आकडे इथे लावू नयेत. 2017 च्या एका एकत्रित विश्लेषणात निवोलुमॅब या अशा औषधाने त्वचेच्या मेलानोमात सुमारे 41 टक्के रुग्णांची गाठ आक्रसली, अस्तराच्या मेलानोमात 23 टक्के. त्याला इपिलिमुमॅब हे दुसरं औषध जोडल्यावर अस्तराच्या मेलानोमातला आकडा 37 टक्क्यांपर्यंत गेला. बीआरएएफ जनुकातला बदल इथे क्वचितच सापडतो, किट जनुकातला काहींत सापडतो आणि त्यांना इमॅटिनिबसारख्या गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो. जनुकतपासणीबद्दल डॉक्टरांना विचाराच.

आता आयुष्याचा प्रश्न, आडपडदा न ठेवता: बहुतेक नोंदींत पाच वर्षं जगणारे 20 ते 40 टक्के. सायनसपेक्षा नाकाच्या पोकळीतल्या गाठीचे निकाल बरे. आकडा कठोर आहे, पण शून्य नाही.

एकाच नाकपुडीतून पुन्हा पुन्हा रक्त येत असेल किंवा तीच बाजू दोन-तीन आठवडे बंद असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या.