मोटारीची भट्टी
छत्रपति संभाजीनगरच्या पूर्वेस शेंद्रा येथें स्कोडा मोटारींचा कारखाना २००१ सालापासून आहे. अशा उद्योगांत ऊर्जा कोठें खर्ची पडते? वाचक पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांकडे बोट दाखवितील. पण मोठा वाटा रंगशाळेचा असतो. तेथें हवेची उष्णता व आर्द्रता एकसारखी राखावी लागते, शिवाय पहिला थर चढलेला सांगाडा सुमारें १७० अंशांवर भाजावा लागतो. भट्टीला सरपण किती लागतें, हें गृहिणींस सांगावयास नको! ही भट्टी बहुधा वायु-इंधनावर तापते. विजेच्या प्रत्येक युनिटामागें आपल्या देशांत सुमारें ७०० ग्रॅम कर्बवायु निघतो, तो निराळाच. छपरावरील सौरफलक विजेचा भार हलका करितील, भट्टीचा नव्हे. बिडकीन येथील टोयोटाच्या नियोजित कारखान्यासाठीं २०२४ सालीं सामंजस्य करार झाला. तेथील भट्टी कशावर तापणार, हें आम्हांस आजच विचारावेंसें वाटतें.