आमचा कासचा फोटो

आमच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर तेरा वर्षे एक फोटो टांगलेला होता. दिवाणखाना म्हणजे दहा बाय बाराची बाहेरची खोली. पण पाहुण्यांसमोर तिला दिवाणखानाच म्हणायचे, असा सौ.चा दंडक आहे. येणारा प्रत्येक पाहुणा चहाची बशी हातात धरून त्या फोटोकडे पाही आणि विचारी, "काश्मीर का हो?" मग आम्ही दोघेही एका सुरात म्हणत असू, "छे हो! कास! आपल्या साताऱ्याजवळचे!"

फोटो होताच तसा. गुलाबी-जांभळ्या तेरड्याचा गालिचा पार आभाळाला टेकलेला, मागे एक मोठा काळा दगड, आणि गालिच्याच्या ऐन मध्यावर आम्ही चौघे. मी आणि सौ. मांडी घालून, सुमीच्या डोक्यावर फुलांचा मुकुट, आणि बाळू तर चक्क उताणा पडलेला. पाहुणे म्हणत, "काय भाग्यवान हो तुम्ही!" आम्हांलाही तसेच वाटे.

ही २०१० सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर भाड्याची गाडी करून आम्ही ठाण्याहून गेलो होतो. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून वर आलो आणि गाडीतली सगळी बडबड एकदम थांबली. डावीकडे फुले, उजवीकडे फुले. पिवळी सोनकी, पांढऱ्या बटणांसारखे गेंद, आणि ओलसर जागी निळी-जांभळी, नखाएवढी सीतेची आसवे. गाडी रस्त्याच्या कडेला, म्हणजे अर्थात फुलांवरच लावली. सतरंजीही फुलांवरच अंथरली. पुरीभाजी झाली, भेंड्या झाल्या. त्या दिवशी आम्हांला कोणी अडवले नाही. आणि खरे सांगतो, आपण काही वावगे करतो आहोत असे मनातही आले नाही. आम्ही कागदाचे बोळेसुद्धा गोळा करून पिशवीत भरून आणले होते. सुशिक्षित माणसे ना आम्ही!

परतताना सौ.नी एक रोप मातीसकट उपटून लाडवाच्या रिकाम्या डब्यात घेतले. चिमुकले रोप, आणि त्याच्या केसांवर दवाचे थेंब चमकत होते. त्याला म्हणतातच दवबिंदू. ते थेंब दवाचे नसून डिंकासारखे चिकट असतात आणि त्यावर बसलेला किडा त्या रोपाचे जेवण होतो, हे आम्हांला फार नंतर कळले. जांभ्या दगडावरची माती इतकी निकस की, तिथल्या काही वनस्पतींना नत्रासाठी किडे खाऊन पोट भरावे लागते. सीतेची आसवेही त्यांतलीच. त्यांचे बारीकसे फुगे ओल्या मातीत सूक्ष्म जीव पकडत बसतात. सौ.नी मात्र आमच्या गॅलरीत त्या दवबिंदूला चांगली काळी माती, शेणखत आणि वर चहाची पत्ती घातली. जन्मभर उपाशी राहायची सवय असलेल्या पाहुण्याला श्रीखंड-पुरीचे जेवण! चौथ्या दिवशी रोप काळे पडले. "हवा मानवली नाही," असे म्हणून आम्ही ती कुंडी तुळशीला दिली.

२०१२ साली पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आणि त्यांत कास होते. वर्तमानपत्र वाचून मी फोटोवरची धूळ पुसली. जणू तो मान आम्हांलाच मिळाला होता! पुढे तिथे गर्दी इतकी वाढली की आवर घालणे भाग पडले. प्रवेशशुल्क आले, आगाऊ नोंदणी आली, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, आणि आसपासच्या गावांतल्या समित्यांची माणसे राखणीला उभी राहिली.

दरम्यान सुमीचे लग्न झाले, तिला मुलगी झाली. चिमी पाच वर्षांची झाली तशी सुमीने टुमणे लावले, "बाबा, तसाच फोटो काढायचा. त्याच जागी. मी आईच्या जागी बसेन, चिमी माझ्या जागी." कल्पना सर्वांनाच आवडली. म्हणून २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही पुन्हा निघालो. भिंतीवरच्या फोटोची प्रत जावईबापूंनी आपल्या मोबाइलवर घेतली होती.

या खेपेला गाडी लांब ठेवावी लागली. पावती दाखवून आत गेलो. पायवाटेच्या कडेने दोरी, आणि ठरावीक अंतरावर शिट्टी घेऊन उभी असलेली माणसे. त्यांत एक मावशी होत्या. साठीच्या असाव्यात, नऊवारीवर समितीचे जाकीट आणि पायांत रबरी बूट. मी मोबाइल पुढे केला आणि मोठ्या ऐटीत विचारले, "मावशी, ही जागा कुठली हो?"

त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून डोळे बारीक केले. "आगं बया! तुमी हायसा व्हय ह्ये?" मग त्या मागच्या दगडावर बोट ठेवून म्हणाल्या, "त्यो धोंडा वळकला. चला, दावते."

पायवाटेने पाचेक मिनिटे चाललो. धोंडा तोच, काही शंका नव्हती. पण त्याच्या पुढे उघडा तांबूस कातळ दिसत होता, अधूनमधून गवताची काडी. तेरडा होता तो पलीकडे, पंचवीसतीस पावलांवर.

"इथे? इथे तर काहीच नाही!" सुमी म्हणाली.

"न्हाई तर! पोरी, एकटं तुमीच न्हाई बसला हितं. धोंडा झ्याक दिसतो म्हून समदीच बसायची. रोज पन्नास-पन्नास बिऱ्हाडं."

मी म्हटले, "पण मावशी, पाऊस पडला की पुन्हा उगवतोच ना?"

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की शाळेत गणित चुकल्यावर आमच्या मास्तरांची आठवण व्हावी. "दादा, बी नगं का पडाय? तेरडा येका वर्साचा. आत्ता फूल, मागनं बोंड, मग बी. फुलावरच मानूस बसलं तर म्होरल्या साली काय उगवंल? तुमची सतरंजी?"

सौ. हसल्या नाहीत. मीही नाही. मी खाली बसून कातळावर बोट टेकवले. माती म्हणजे किती, तर पेराएवढीसुद्धा नाही. उन्हाळ्यात हे सारे पठार तव्यासारखे तापलेले, करपलेले असते. पहिल्या पावसात एवढ्याशा मातीतून बी फुटते आणि तीन-चार महिन्यांत सारा संसार उरकून पुन्हा बी होऊन झोपते. ती माती पायांनी घट्ट झाली किंवा वाहून गेली, की कातळावर पुन्हा साठायला किती पिढ्या जातील कोण जाणे. या पठारावर फुलझाडांच्या साडेआठशेच्या आसपास जाती नोंदल्या आहेत. श्रावणात डबक्यांतून डोके वर काढणारा वायतुरा तर साताऱ्याकडच्या या पठारांचाच. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावातच सातारा घातले आहे, आपोनोजेटॉन सातारेन्सिस.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या साहेबाने १८१९ साली आपले नाव कोरले. ते आजही दिसते आणि दोनशे वर्षे माणसे त्याला नावे ठेवत आली आहेत. बिचारा! आम्ही जे केले त्यावर आमचे नाव कुठेच नव्हते. होता तो फक्त एक फोटो, आणि तो आम्ही काच लावून मिरवत होतो.

मावशींना आता बोलायला माणूस मिळाले होते. मध्यंतरी इथे लोखंडी कुंपण घातले होते, त्यावर त्यांचा फार राग. गुरांना चरायला जागा उरली नाही आणि गवत माजले, असे त्यांचे म्हणणे. (हा वाद काही जाणत्या अभ्यासकांनीही घातला आहे, तेव्हा मावशींचे म्हणणे अडाण्याचे समजू नये.) "म्हस चरती नि म्होरं जाती," त्या म्हणाल्या, "म्हस फोटू काडाय बसत न्हाई."

एवढ्यात पलीकडून हाक आली, "अहो काका! जरा एक फोटो काढता का आमचा?"

एक कुटुंब दोरी ओलांडून थेट तेरड्यात शिरले होते. नवरा, बायको आणि दोन मुले. धाकटा फुलांत लोळत होता. बाळूच जणू! बाईंच्या हातात पुरीचा डबा, आणि चेहऱ्यावर असा निर्मळ आनंद, की रागवायला जीभ उचलेना. गृहस्थ माझ्यापुढे मोबाइल धरून उभे.

मी म्हटले, "फोटो काढतो, पण आधी बाहेर या. त्या फुलांचे बी अजून व्हायचे आहे."

"दोन मिनिटांत काय होतंय काका?"

मग मला वाटले, पुरावाच दाखवावा. मी जावईबापूंकडून मोबाइल घेतला, आमचा फोटो त्यांच्यापुढे धरला आणि समोरचा उघडा कातळ दाखवला. "हे पाहा. ही तीच जागा."

गृहस्थांनी फोटो पाहिला, कातळ पाहिला, मला पाहिले. आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही बसलात तर चालतं. आम्ही बसायचं नाही."

यावर काय बोलणार? बारा ओळींचे भाषण माझ्या ओठांवर तयार होते. त्यातला एक शब्दही बाहेर पडला नाही. मावशींनीच शिट्टी फुंकली, जोरात, दोनदा. मंडळी पुटपुटत बाहेर आली. धाकट्याच्या पाठीला चिकटलेल्या पाकळ्या त्याच्या आईने झटकल्या. जाता जाता गृहस्थ बायकोला म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आले, "यांचं झालं ना फिरून, आता आपल्याला नियम!"

आमचा फोटो शेवटी पायवाटेवर निघाला, रांगेत उभे राहून, शाळेच्या वर्गाचा काढतात तसा. चिमीला मुकुट हवा होता. सौ.नी पर्समधून रुमाल काढून त्याचा फेटा बांधून दिला. निघताना मावशींच्या हातावर मी काही ठेवू लागलो तर त्यांनी घेतले नाही. "त्यो जुना फोटू असू द्या जपून," एवढेच म्हणाल्या. त्या कोणत्या अर्थाने म्हणाल्या, यावर गाडीत कऱ्हाड-सातारा-पुणे रस्ता लागेपर्यंत आमचा वाद चालला होता.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी सौ.नी स्टूल घेतले आणि फोटो खाली उतरवला. मी काही विचारले नाही. भिंतीवर एक फिकट चौकोन उरला, वर नुसता खिळा. नवा फोटो तिथे लावावा असे सुमीचे म्हणणे. पण तो अजून चौकटीत बसवून आणायचे झालेले नाही. पाहुणे विचारतात, तेव्हा सौ. सांगतात, "काच फुटली हो, दुकानात दिलाय."

परवा दसऱ्याचे सोने द्यायला वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनी आल्या. चहा घेता घेता त्यांची नजर भिंतीकडे गेली. "अगबाई, अजून नाही का आला तुमचा काश्मीरचा फोटो? इतके दिवस लागतात का काच बसवायला?"

"कास," मी म्हणालो.

सौ.नी माझ्याकडे पाहिले. मग वहिनींना म्हणाल्या, "काच फुटलेली नाही. बसा, सांगते."