एका कोंबडीतलं पाणी

उन्हाळ्यात माठातलं पाणी गार का होतं, हे आपण शाळेतच शिकलेले असतो. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना माठाची उष्णता घेऊन जातं. हाच धडा अख्खी कोंबडी भाजताना पुन्हा गिरवावा लागेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिल्या खेपेला मी कोंबडीला दही, आलं-लसूण, हळद, तिखट चोळलं आणि ती तशीच ओली ओटीजीत ठेवली. तासाभरानं काढली तेव्हा मांस शिजलं होतं, पण कातडी फिकट आणि चिवट. ओव्हन तर 200 अंशांवर होता. मग रंग का आला नाही? पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. कातडीवर पाणी आहे तोवर येणारी सगळी आच वाफ करण्यातच जाते आणि कातडी 100 अंशांपुढे सरकत नाही. म्हणजे चहूबाजूंनी 200 अंशांची धग, आणि तिच्या मधोमध एक माठ पाझरत बसलेला!

तांबूस रंगाला आणि त्या खमंग वासाला साधारण 140 अंश लागतात. तिथे प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखरेचे अंश एकमेकांशी जुळू लागतात आणि त्यातून शेकडो नवे वास नि चवी जन्माला येतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1912 साली या क्रियेबद्दल लिहिलं, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. आपल्या घरात ती रोज घडते. वाटणासाठी कांदा परतताना तो आधी पाणी सोडतो, बराच वेळ नुसता शिजत राहतो, आणि पाणी आटलं की बघता बघता लालसर होतो. ज्यानं हे कढईशी उभं राहून पाहिलंय, त्याला कोंबडी भाजण्यातलं अर्धं आधीच कळलेलं आहे.

तर कोंबडी आदल्या दिवशी आणायची. आपल्याकडे चिकनवाले सवयीनं कातडी सोलूनच देतात, म्हणून सुरी चालण्याआधी सांगायचं: ‘स्किन राहू द्या, पीस करू नका, आतून साफ करून द्या.’ सव्वा ते दीड किलोची ब्रॉयलर घ्यावी. गावठी कोंबडी रश्श्यात घालावी. तिच्या कसलेल्या मांसाला ओव्हनमधला एक तास पुरत नाही. घरी आणून नळाखाली मात्र धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर कच्च्या मांसातले जंतू ओट्यावर नि भांड्यांवर पसरतात, आणि नीट भाजल्यावर ते मरणारच असतात. कागदी रुमालानं आतून-बाहेरून कोरडी टिपून घ्यावी, मग हात साबणानं धुवावेत.

आता मीठ. सव्वा किलोला सपाट अडीच चहाचे चमचे, सगळीकडे आणि पोटातही. अर्ध्या तासानं वाकून पाहा. कातडीवर घामासारखे बारीक थेंब डवरलेले दिसतात. मिठानं आतलं पाणी ओढून काढलेलं असतं. कोंबडी खोलगट ताटलीत घालून, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायची आणि झोपायला जायचं. सकाळी थेंब गेलेले असतात. त्यातलं काही पाणी फ्रिजच्या कोरड्या हवेनं नेलं, आणि काही मीठ घेऊन परत मांसात शिरलं. मीठ आत गेलं की प्रथिनांची घट्ट वीण सैल होते आणि भाजताना ती पाणी जास्त धरून ठेवते. एकाच चिमटीनं कातडी कोरडी केली आणि मांस रसदार! सकाळची ती ताणलेली, पतंगाच्या कागदासारखी कातडी बोटानं चाचपून पाहिली की मला दर वेळी तितकंच नवल वाटतं.

खरी अडचण पुढे आहे. कोंबडी एक दिसते, पण स्वयंपाक्यासाठी त्या दोन आहेत. छातीचे स्नायू पंख फडफडवण्यासाठी. कोंबडी ते क्वचित, क्षणभरच करते, म्हणून ते मांस पांढरं आणि मऊ. पाय दिवसभर अंग पेलतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो, तो साठवणाऱ्या मायोग्लोबिननं तंगडीचं मांस गडद होतं, आणि त्यात चिवट कोलाजेनही जास्त असतं. (लांब पल्ल्यानं उडणाऱ्या रानबदकाची छाती याच कारणानं लाल असते.) छाती 74 अंशांच्या फार पुढे गेली की कोरडी पडते. तंगडीतलं कोलाजेन विरघळून मऊ व्हायला मात्र 80 च्या आसपास जावं लागतं.

पाय दोरीनं आवळून बांधायची पद्धत आहे. दिसायला ते देखणं, पण मांड्यांना आच लागत नाही. मी बांधत नाही. लहान ओटीजी असेल तर सरळ पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापून काढावा, कोंबडी उताणी करून छातीवर तळहातानं दाबावं आणि ती पुस्तकासारखी सपाट उघडावी. मग पाय कडेला येतात, सगळी कातडी वर येते, आणि 210 अंशांवर पाऊण तासात काम होतं. अख्खीच ठेवली तर तास-सव्वा तास. वरून थोडं तेल किंवा लोणी चोळावं, एवढंच.

रायगडातली पोपटी आठवते का? मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, त्यात कोंबडी, आणि बाहेरून जाळ. तिथे पाल्याची नि शेंगांची वाफ मडक्यात कोंडलेली असते, म्हणून मांस विलक्षण मऊ होतं, पण कुरकुरीत होत नाही. ओव्हनमध्ये आपण बरोबर उलटं करतो: वाफेला जाऊ देतो.

विसाव्या मिनिटाला चरचर सुरू होते. कातडीखालची चरबी वितळत असते, कातडी तिच्यातच तळली जात असते. अंदाजावर राहू नये. टोकदार नळीचा थर्मामीटर घ्यावा आणि छातीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, खुपसावा. 71 दिसलं की कोंबडी बाहेर काढावी आणि थर्मामीटर तसाच राहू द्यावा.

आता गंमत बघा. आगीबाहेर ओट्यावर ठेवलेली कोंबडी तापतच राहते. 72. 73. बाहेरच्या थरांत साठलेली धग अजून आत चाललेली असते. 74 झालं की निश्चिंत व्हावं. आकडा तिथवर पोहोचलाच नाही, तर पुन्हा पाच मिनिटं ओव्हनमध्ये. पंधरा मिनिटं तिला हात लावू नये, झाकूही नये, नाहीतर वाफ परत कातडीवर बसते. तेवढ्यात आतला रस निवतो, विरघळलेल्या कोलाजेननं दाटसर होतो आणि मांसातच थांबतो. मग सुरी घालावी. कातडी करकन मोडते, तुकडे वेगळे होतात, आणि पाट जवळजवळ कोरडाच राहतो.