निरंक असल्यास तसे कळवावे
लेखमाला : कागद आणि कारभार (भाग 5)

सोलापूर जिल्ह्यातली एखादी दोनशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणावी. परिपाठ नुकताच संपलेला असतो, पहिलीची मुले पाटी-दप्तर काढत असतात आणि मुख्याध्यापकांचा मोबाइल वाजतो. केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पत्र आलेले असते. ‘सोबतच्या विहित नमुन्यातील माहिती आज दुपारी 12 वाजेपर्यंत सादर करावी. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.’ मुख्याध्यापक रेंज शोधत ओट्याच्या टोकाला जातात. पहिली ते चौथीचे चारही वर्ग तेवढा वेळ एकट्या सहशिक्षकाकडे.

निरंक म्हणजे शून्य. कळवण्यासारखे काही नाही, पण हेही लेखी कळवायचे. हे शून्य शाळेतून केंद्रप्रमुखांकडे जाते, तिथून गटशिक्षणाधिकारी कार्यालयात. 11 तालुक्यांची शून्ये जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात एकत्र होतात, त्यांचा गोषवारा तयार होतो आणि तो पुण्याच्या संचालनालयाकडे रवाना होतो. प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी तक्ता भरतो, सही घेतो, स्थळप्रत लावतो. ज्या तालुक्याची माहिती आली नाही, त्याला स्मरणपत्र जाते. जिल्हा परिषदेच्या शाळा अडीच हजारांहून अधिक. एका शाळेची 10 मिनिटे धरली, तरी एका पत्रापायी शाळांचेच चारशेहून जास्त तास जातात. वरच्या कार्यालयांचा वेळ यात धरलेलाच नाही.

शिक्षकाचा वेळ वर्गासाठी राखावा, हे कायद्यालाही मान्य आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामे सोडून शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपता येत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी करणारा शासन निर्णयही काढला. पण माहितीचा तक्ता या चाळणीतून सहज निसटतो. तो शाळेबद्दलच असतो, म्हणून शैक्षणिक वाटतो. पटसंख्या शाळांच्या यू-डायस पोर्टलवर भरलेली असते, राज्याच्या ‘सरल’ प्रणालीवर विद्यार्थ्यांची नावानिशी नोंद असते, पोषण आहाराचे आकडे वेगळ्या प्रणालीत रोज जातात. तरीही तीच पटसंख्या पुन्हा एक्सेलमध्ये मागवली जाते, कारण संगणकावरची माहिती शोधण्यापेक्षा खालून मागवणे वरच्या टेबलाला सोपे पडते.

अंगणवाडीची गोष्ट वेगळी नाही. तिथे आधी 11 नोंदवह्या होत्या. मग मोबाइल आला, मार्च 2021 मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नोंदींचे अॅप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट होते आणि अॅप इंग्रजीत होते, या त्यांच्या मुख्य तक्रारी. माहिती द्यायला त्यांचा विरोध नव्हता. बाळाचे वजन घेणे हेच त्यांचे काम आहे, ते नोंदवण्यात दिवस खर्ची पडू नये एवढेच मागणे होते.

प्रत्येक अहवाल टाकाऊ असतो, असे मात्र मुळीच नाही. दुष्काळी सांगोला आणि मंगळवेढ्याच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. चारा छावणीतली जनावरे रोज मोजली नाहीत, तर अनुदान कोणत्या हिशोबाने द्यायचे? टँकरच्या खेपांची रोजची नोंद नसेल, तर उद्या कोणत्या वाडीला पाणी पोचले नाही हे तहसीलदाराला कसे कळणार? या आकड्यांवर दुसऱ्या दिवशीचा निर्णय उभा असतो. आकड्याची गरज याच कसोटीवर ठरते : तो पाहून कोण, कोणता निर्णय घेणार आहे?

ही कसोटी लावली की पैसेवारीसारखे (पिकाच्या सरकारी अंदाजासारखे) जुने, परिचित आकडेही नव्याने तपासावेसे वाटतात. पूर्वी पीक 50 पैशांच्या आत की बाहेर, यावर गावाची टंचाई ठरत असे. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी या तीन पायऱ्यांकडे शेतकरी डोळे लावून बसत. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर निकष बदलले. पाऊस, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, पाणीसाठा यांवर दुष्काळ ठरू लागला. 31 ऑक्टोबर 2023 रोजी राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यात सोलापूर जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा हे पाच तालुके होते आणि निवड या नव्या निकषांवर झाली. अंतिम पैसेवारीची तारीख 15 डिसेंबर, म्हणजे दीड महिना पुढे. पैसेवारी मात्र पूर्वीसारखीच निघत राहिली. तिचा आज नेमका उपयोग काय, हे महसूल विभागाने एकदा स्पष्ट लिहून द्यायला हवे. उपयोग असेल तर ती नीट करावी. नसेल तर तलाठी आणि ग्रामसमिती यांना त्यातून मोकळे करावे.

बिनकामाच्या कागदांच्या या दुखण्यावरचे औषध शेजारच्याच जिल्ह्यात अर्धेमुर्धे सापडले होते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आजच्या अहिल्यानगरचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतल्या फायलींच्या ढिगाऱ्याला शिस्त लावली. ‘लखिना पॅटर्न’ राज्यभर गाजला. प्रत्येक लिपिकाच्या टेबलावरची कागदपत्रे सहा गठ्ठ्यांत लावायची आणि कागदाचे आयुष्य आधीच ठरवायचे : ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘ड’ एक वर्ष. 2017 मध्ये पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम हाती घेतली, तेव्हा सोलापूरसह विभागातल्या पाचही जिल्ह्यांत जुन्या दप्तरांची अशीच छाननी झाली.

लखिनांच्या सहा गठ्ठ्यांपैकी एक गठ्ठा ‘नियतकालिकां’चा आहे, म्हणजे ठरलेल्या तारखेला वर पाठवायच्या विवरणपत्रांचा. गठ्ठा नीट बांधला गेला, विवरणपत्रे वेळेवर जाऊ लागली. पण विवरणपत्र किती वर्षे पाठवायचे, हे कोणी ठरवले नाही. कागदाला मुदत मिळाली, मागणी बिनमुदत राहिली. योजना बंद पडते, मागवणारा अधिकारी बदलतो, तरी महिन्याच्या 5 तारखेला तक्ता जातच राहतो, कारण तो थांबवण्याचा आदेश कोणी काढलेला नसतो.

मुदतीचा हा विचार दुसरीकडे अमलात आला आहे. अमेरिकेत 1995 च्या कायद्याने संसदेला नियमित सादर होणाऱ्या अहवालांची एक लांबलचक यादी धरली आणि चार वर्षांनी ते बंद होतील असे ठरवले. जे खरोखर हवे होते, ते नाव घेऊन वाचवावे लागले. इंग्लंडमध्ये स्थानिक संस्थांवर 198 राष्ट्रीय निर्देशांकांचा भार होता. तो रद्द झाला आणि 2011 पासून केंद्र सरकारला लागणाऱ्या सगळ्या माहितीची एकच यादी छापली गेली. आपल्याकडेही केंद्र सरकारने 2017 मध्ये कामगार कायद्यांखालच्या 56 नोंदवह्या 5 वर आणल्या. कारखानदाराला जी सवलत मिळाली, ती गावच्या शाळेला आणि अंगणवाडीलाही मिळायला हवी.

सोलापूर जिल्हा परिषदेला यासाठी मंत्रालयाची वाट पाहायचे कारण नाही. एखाद्या पंचायत समितीची एका महिन्याची आवक नोंदवही उघडावी आणि माहिती मागवणाऱ्या प्रत्येक पत्रासमोर चार रकाने आखावेत : कोणी मागितली, कोणत्या निर्णयासाठी, आधीच कोणत्या पोर्टलवर आहे आणि ही मागणी कोणत्या तारखेला संपेल. चौथा रकाना कोरा असलेले पत्र खाली शाळेकडे जाऊच नये. साथरोग, पाणी, बालमृत्यू असे गंभीर विषय सोडून बाकीच्या पत्रांत एक ओळ बदलावी : ‘दिलेल्या तारखेपर्यंत माहिती न आल्यास ती निरंक समजण्यात येईल.’ एवढ्याने ओट्याच्या टोकाला रेंज शोधणारे मुख्याध्यापक वर्गात परत येतील आणि सहशिक्षकाला चार वर्गांऐवजी दोनच सांभाळावे लागतील.

(पुढील भागात : ग्रामपंचायतीचे 1 ते 33 नमुने, ई-ग्रामस्वराज आणि तोच हिशोब दोनदा लिहिणारा ग्रामसेवक.)