ट्रॅक्टर घेताना विकण्याचा हिशेब



बाजारात बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चाल बघतो. दोनदाती खोंड घ्यावा, चार वर्षे राबवावा आणि विकताना घातलेले पैसे बरेचसे परत यावेत, हा आपल्या वाडवडिलांचा व्यवहार. म्हणूनच घरात ट्रॅक्टरची बोलणी निघाली की ओट्यावरचे कोणीतरी विचारतेच, “उद्या विकायचा झाला तर काय येईल?”

प्रश्न चुकीचा नाही. पण खोंडाची किंमत काही वर्षे वाढते, ट्रॅक्टरची मात्र दुकानाबाहेर पडल्या दिवसापासून उतरते. म्हणून विकताना किती येतील एवढेच बघून भागत नाही. दरवर्षी किती झिजतील, ते काढावे लागते.

कागद-पेन्सिल घ्या. आकडे समजुतीपुरते आहेत. एक नावाजलेला ट्रॅक्टर 7 लाखांचा. पाच वर्षांनी त्याचे 4 लाख येतात. म्हणजे झीज 3 लाख, वर्षाला 60 हजार. दुसरा तेवढ्याच ताकदीचा, पण कमी नावाचा, सव्वासहा लाखांचा. पाच वर्षांनी त्याचे 3 लाख येतात. झीज सव्वातीन लाख, वर्षाला 65 हजार. विकताना एक लाखाचा फरक दिसला, पण खरा फायदा वर्षाला पाच हजारांचाच. शिवाय वरचे 75 हजार कर्जाने उभे केले, तर दहा टक्के दराने पहिल्या वर्षीच साडेसात हजार व्याज. पुढे ते कमी होत जाईल, पण फायदा बराचसा तिथेच संपतो.

आता तोच ट्रॅक्टर पंधरा वर्षे ठेवला असे धरा. पहिल्याचे दीड लाख आले आणि दुसऱ्याचे सव्वा लाख. तर पहिल्याची झीज वर्षाला सुमारे 36,700 आणि दुसऱ्याची 33,300 रुपये. म्हणजे जितका जास्त काळ ठेवाल, तितकी विकण्याच्या किमतीची मातब्बरी कमी.

याउलट डिझेल बघा. तासाला अर्धा लिटर जास्त लागले आणि वर्षाला 600 तास काम झाले, तर 300 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तरी 27 हजार झाले, आणि तेही दरवर्षी. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे. तिच्या अहवालात इंधनाचा खप दिलेला असतो. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. तालुक्याला सुटे भाग मिळतात का, पेरणीच्या ऐन घाईत मिस्त्री किती दिवसांत येतो, हेही विचारा. पाऊस पडल्यावर आठ दिवस उभा राहिलेला ट्रॅक्टर विकताना कितीही भाव देवो, हुकलेला वाफसा परत देत नाही.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका घराची गोष्ट सांगतो. सहा एकर जिरायत. “विकायला नाव चांगले आहे, पैसे कुठे जात नाहीत,” म्हणून त्यांनी 50 एचपीचा ट्रॅक्टर घेतला. पहिली रक्कम भरायला घरच्या बाईच्या पाटल्या गहाण गेल्या. मला विचारले होते. मी कंपनीबद्दल बोललो, वर्षाला किती तास काम आहे ते विचारलेच नाही. ती चूक माझी. काम जेमतेम 200 तासांचे निघाले. दुसऱ्या वर्षी पाऊस गेला, हप्ते थकले, तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टर विकावा लागला. भाव खरोखर चांगला आला. पण सारे पैसे बँकेचे कर्ज फेडण्यात गेले. त्या माउलीने मला विचारले, “साहेब, ट्रॅक्टरला भाव चांगला आला म्हणता, मग माझ्या पाटल्या का नाही आल्या?” मला उत्तर देता आले नाही.

मग विकण्याची किंमत बघूच नये का? बघावी. जो भाड्याने काम करतो आणि चार-पाच वर्षांनी ट्रॅक्टर बदलतो, त्याने जरूर बघावी. ज्याचे कर्ज मोठे आणि उत्पन्न पावसावर, त्यानेही बघावी, कारण अडचणीत तोच त्याचा आधार. पण तो आधार पक्का नसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. नवाच स्वस्त मिळू लागला की जुन्याला गिऱ्हाईक कमी भाव मागणारच. त्यात मालकाचा काय दोष?

आपल्या हातात जे आहे, ते मात्र सांभाळा. वेळच्या वेळी ऑइल बदला, एअर क्लीनर साफ ठेवा, सर्व्हिसच्या पावत्या एका पिशवीत जपा, तासांचे मीटर चालू ठेवा. कर्ज फिटले की बँकेचा दाखला घेऊन फॉर्म 35 भरा आणि आरसी बुकावरचा बोजा उतरवा. विकताना फॉर्म 29 आणि 30 भरून नाव बदलूनच घ्या. नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे.

तेव्हा दुकानात जाण्याआधी एका संध्याकाळी घरात सर्वांनी मिळून बसा. घरच्या बाईला आधी बसवा, कारण गहाण जाते ते तिचे. वहीत तीन गोष्टी लिहा: वर्षाला किती तास काम, किती वर्षे ठेवणार, आणि एक हंगाम बुडाला तर हप्ता कोठून भरणार. तास थोडे निघाले, तर भाड्याने नांगरट करून घेण्यात कमीपणा नाही. तिन्ही उत्तरे जमली तरच विक्रेत्याला भाव विचारा, आणि विकताना काय येईल ते सगळ्यात शेवटी विचारा.