ए-२ ते ‘बॉम्बर’ : वैमानिकी जाकिटांच्या नावांचा अर्थविचार

१

अमेरिकन व ब्रिटिश हवाई दलांनी १९३० नंतरच्या काळात आपल्या वैमानिकांना जी चामड्याची व मेंढीच्या लोकरी कातड्याची जाकिटे दिली, त्यांचा मोठा शौकीनवर्ग आज इंग्लंड, अमेरिका व जपान ह्या देशांत आढळतो. मूळ जाकिटे जमविणे, त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करविणे व त्यांतील सूक्ष्म भेदांची चर्चा करणे, हा त्याचा व्यासंग होय. हा विषय सामान्यतः वेषभूषेच्या इतिहासाचा मानला जातो. परंतु ह्या व्यासंगाची परिभाषा तपासली असता भाषाभ्यासकाच्याही उपयोगाची एक गोष्ट हाती लागते. वस्तूवस्तूंमधील भेद पुसण्यासाठी योजलेले संकेतच येथे भेद दाखविण्यासाठी वापरले जातात. हे अर्थांतर कसे घडले, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. मराठीत ‘जाकीट’ ह्या शब्दाचा अर्थसंकोच होऊन तो बहुधा बिनबाह्यांच्या वस्त्राला लागतो. येथे मात्र बाह्या असलेला आखूड कोट हा इंग्रजीतील अर्थ अभिप्रेत आहे.

२

अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाने जाकिटांसाठी अक्षर व अंक ह्यांची एक साधी पद्धती स्वीकारली होती. ‘ए’ हे अक्षर उन्हाळी जाकिटांचे, ‘बी’ हे हिवाळी जाकिटांचे. पुढील अंक त्या मालिकेतील क्रम दाखवी. १९२७ मधील ए-१ ला गुंड्या होत्या. १९३१ मध्ये प्रमाणित झालेल्या ए-२ ला झिप, चामड्याची कॉलर आणि मनगटांशी व कमरेशी विणलेल्या लोकरी पट्ट्या आल्या. हे जाकीट बहुतांशी घोड्याच्या चामड्याचे असे. १९३४ चे बी-३ हे मेंढीचे कातडे लोकरीसकट कमावून, लोकर आत व कातडे बाहेर ठेवून शिवलेले होते. बी-१७ सारख्या बॉम्बफेकी विमानांत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती व तोफा उघड्या झरोक्यांतून चालवाव्या लागत. उंचावर तपमान उणे ४० अंशांखालीही जाई. इंग्लंडमधून लढणाऱ्या अमेरिकन आठव्या हवाई दलात आरंभीच्या काळी हिमदंशाने निकामी झालेल्यांची संख्या लढाईत जखमी झालेल्यांपेक्षा अधिक होती. मेंढीचे कातडे ही त्या वेळी चैनीची बाब नव्हती, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

ह्या संकेतांचे कार्य एकच होते. कोणत्याही कोठारातील ए-२ दुसऱ्या कोणत्याही ए-२ च्या जागी चालावे. शिवणारा कोण, हा प्रश्नच उद्भवू नये. संकेत ‘जाती’चा होता, ‘व्यक्ती’चा नव्हता.

३

ब्रिटनमध्ये नामकरणाची रीत निराळी पडली. लेस्ली आयर्विन ह्या अमेरिकन गृहस्थाने १९१९ मध्ये विमानातून उडी घेऊन हाताने उघडावयाच्या छत्रीचा प्रयोग यशस्वी केला आणि १९२६ मध्ये इंग्लंडात लेचवर्थ येथे छत्र्यांचा कारखाना काढला. मेंढीच्या कातड्याच्या ज्या जाकिटाचा रॉयल एअर फोर्सने स्वीकार केला, ते त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे युद्धकाळात इतर कारखान्यांत शिवलेली जाकिटेही ‘आयर्विन’च म्हटली गेली. अशा रीतीने विशेषनामाचे सामान्यनाम झाले. त्याच्या कंपनीच्या नावात मात्र ‘आयर्विंग’ असा एक अक्षर अधिक असलेला पाठ होता. तो कारकुनाच्या चुकीने शिरला असे सांगितले जाते.

४

१९४३ मध्ये जनरल आर्नल्ड ह्यांनी चामड्याच्या जाकिटांची नवी खरेदी थांबविली व कापडी बी-१० पुढे आले. जेट विमानांच्या काळात नायलॉनचे एमए-१ रूढ झाले. ह्या स्थित्यंतरात संकेताचे मूळ कार्य संपले. पण शब्द मात्र उरले व लोकव्यवहारात पसरले. इंग्रजीत ‘बॉम्बर जाकीट’ हे नाव आता कमरेशी पट्टी असलेल्या कोणत्याही आखूड जाकिटाला लागते. वस्तुतः ए-२ लढाऊ विमानांचे वैमानिकही वापरीत. बी-१७ ह्या विमानाच्या नावातील ‘बी’ बॉम्बरचा खरा. त्यामुळे बी-३ मधील ‘बी’ देखील बॉम्बरचाच, अशी लोकव्युत्पत्ती सुचणे अगदी सोपे आहे. हे अर्थविस्ताराचे नमुनेदार उदाहरण होय.

५

शौकिनांच्या परिभाषेत मात्र प्रवाह उलट दिशेने वाहतो. ए-२ च्या कॉलरखाली विणीव लेबल असे. त्यावर प्रकार, आराखड्याचा क्रमांक, कंत्राटाचा क्रमांक व कारखान्याचे नाव असा मजकूर असे. आराखडा सर्वांना एकच होता. परंतु प्रत्येक कारखान्याने आपापले कापणीचे नमुने बेतले. त्यामुळे कॉलरचे टोक, खिशाच्या झडपेचा बाक, खांद्याच्या पट्टीची जागा ह्यांत फरक पडले. हिशेबनिसांसाठी छापलेला कंत्राटक्रमांक आज ह्या फरकांचे नाव झाला आहे. ‘रफ वेअर ४२-१४०१-पी’ म्हणताच जाणत्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट कॉलर उभी राहते. त्यातील ४२ हा आकडा केवळ १९४२ च्या आर्थिक वर्षाचा निर्देशक होता.

प्रतिकृतीच्या क्षेत्रात तर संकेत वस्तूच्या आधी येऊ शकतो. जपानमधील ‘बझ रिक्सन्स’ ह्या उत्पादनाचे नाव १९६२ च्या ‘द वॉर लव्हर’ ह्या चित्रपटातील वैमानिकाचे आहे, म्हणजे मुळातच कल्पित. विल्यम गिब्सन ह्यांच्या २००३ मधील ‘पॅटर्न रेकग्निशन’ ह्या कादंबरीची नायिका ह्याच उत्पादकाचे काळे एमए-१ वापरते. तसे काळे जाकीट तो उत्पादक तेव्हा करीत नव्हता. कादंबरी गाजल्यावर त्याने ते केले. येथे प्रतिकृती झाली ती एका वाक्याची. मूळ वस्तू कधी नव्हतीच.

६

ह्या विवेचनातून एक विवेक करावासा वाटतो. लेबलावरील मजकूर हा पद्धतीचा भाग आहे. त्याची पुनरावृत्ती होण्यासाठीच तो होता. म्हणून आजची प्रतिकृती, ती आज शिवली हे सांगितले जात असेल तर, कोणाची फसवणूक करीत नाही. परंतु वापरलेल्या ए-२ वर आणखी एक मजकूर असे. छातीवर नावाची चामडी पट्टी असे. पाठीवर विमानाचे नाव व पार पाडलेल्या प्रत्येक मोहिमेचा एकेक बॉम्ब रंगविलेला असे. १९४३ मध्ये आठव्या हवाई दलातील बॉम्बफेकी विमानांच्या सैनिकाची पाळी २५ मोहिमांची होती व ती पुरी होण्याआधीच अनेक जण मारले गेले. तेव्हा २५ बॉम्बांची रांग हा संकेत नसून विधान होते, आणि तेही प्रथमपुरुषी : ‘मी गेलो व परत आलो.’ सतरा बॉम्बांवर थांबलेली रांग काय सांगते, हे मात्र त्या माणसाची हकीकत कळल्याशिवाय ठरविता येत नाही.

संकेत कोणीही उच्चारू शकतो. विधानाला मात्र वक्ता लागतो, आणि ते खरे किंवा खोटे असते. नव्या जाकिटावर ती रांग रंगविणाऱ्याने घोड्याच्या चामड्याची व शिवणीची कितीही निष्ठेने नक्कल केली असली, तरी त्या २५ बॉम्बांच्या बाबतीत तो दुसऱ्याचे वाक्य स्वतःच्या नावावर उच्चारीत असतो. मूळ जाकिटांच्या अभ्यासकांनी त्यांवरील लेबलांइतकेच ह्या रंगीत खुणांचेही वाचन काळजीपूर्वक करावयास हवे. कारण ती शिवणारे कारखाने अनेक होते, पण प्रत्येक रांगेचा वक्ता एकच होता.